नवऱ्याने न विचारता पेटी आणली, आता काय करू?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुमचं वय एक्कावन्न, कोल्हापूरच्या राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बँकेतली नोकरी अजून नऊ वर्षं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुम्ही कामावरून घरी आलात तर सोफ्यावर लाल कापडात गुंडाळलेली पेटी, म्हणजे हार्मोनियम. स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलता येतो अशी), तीन ओळींची, बिल अडतीस हजारांचं. शाळेत तुम्ही दोन वर्षं गाणं शिकला होता, त्याला पस्तीस वर्षं झाली. तुम्ही लिहिलंय, 'मी मागितली नव्हती. राग यावा असं काही नाही, पण आनंदही धड होत नाही. रोज तिच्याकडे बघून अपराधी वाटतं.' गुडघ्यांमुळे मांडी घालून बसवत नाही, भिंतीपलीकडे तान्हं बाळ आहे, आणि नणंद म्हणाली की पेटीनं कान बिघडतो, गाणं शिकायचं तर तंबोराच हवा. आता या वयात येईल का, की परत करावी, की भाचीला देऊन टाकावी, असा तुमचा प्रश्न.

मी मंगळवार पेठेत पेट्या दुरुस्त करतो आणि संध्याकाळी शिकवतो. एकतीस वर्षं झाली. भेट म्हणून आलेल्या पेट्या माझ्याकडे इतक्या येतात, की कुणी दारात पेटी घेऊन उभं राहिलं की मी आधी माणसाच्या चेहऱ्याकडे बघतो. स्वतःच्या हौसेनं घेतलेली पेटी माणूस कडेवरच्या पोरासारखी आणतो. भेट आलेली पेटी कुणाचं तरी सामान पोचवायला आल्यासारखी आणतो.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. वस्तू चांगली आहे का, हा एक. मला शिकायचंय का, हा दुसरा. आणि मिस्टरांना काय सांगू, हा तिसरा. तुम्ही दुसरा सगळ्यात वर ठेवलाय, कारण त्याचं उत्तर 'नाही' आलं की बाकीचे दोन आपोआप मिटतील असं वाटतंय. ते तसे मिटत नाहीत. मुदत आहे ती पहिल्याला, आणि ते अपराधी वाटणं येतंय तिसऱ्यातून. दुसऱ्याला काही घाई नाही. पस्तीस वर्षं थांबलंय ते आणखी दोन महिने थांबेल.

म्हणून आधी पेटी तपासा. घरी येऊन किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ठेवायची की परत करायची हे ठरवायच्या आत हे करा, कारण दोष निघाला तर दुकानदार पहिल्या पंधरवड्यात जितकं ऐकतो तितकं नंतर ऐकत नाही. रात्री टीव्ही आणि पंखा बंद करून बसा. सगळे स्टॉपर (पुढच्या बाजूचे ओढायचे गोळे) आत ढकललेले असू द्या आणि भाता दोन-तीनदा हलवा. आत दुसरा भाता असतो, त्यात हवा भरते. तो भरला की हाताखालचा भाता घट्ट लागायला हवा. भुसभुशीत लागत असेल, कितीही हलवला तरी हवा कुठेतरी पळतेय असं वाटत असेल, तर गळती आहे. मग एकेक स्टॉपर ओढा, पट्टी एकही दाबू नका. काही स्टॉपर सतत वाजणाऱ्या सुरांचे असतात, ते ओढले की न दाबताच आवाज येणार, तो दोष नव्हे. बाकीचे ओढल्यावर मात्र पेटी गप्प राहिली पाहिजे. कुठेतरी बारीक भुणभुण येत असेल तर एखादी पट्टी नीट बसत नाहीये.

त्यानंतर एकेक पट्टी, अगदी डावीकडून शेवटापर्यंत, एका वेळी एकच ओळ उघडून, म्हणजे तिचाच स्टॉपर ओढून. तुमची पेटी तीन ओळींची, म्हणजे एका पट्टीखाली तीन सूर (वाजणाऱ्या पितळी जिभा) आहेत, त्यातला एक खर्जाचा. खर्जाचे सूर अंमळ उशिरा बोलतात, तेवढं चालतं. पण हवा जोरात मारल्याशिवाय बोलतच नसेल तर कागदावर लिहून ठेवा, कोणती पट्टी, कोणती ओळ. शेवटी दोन ओळी एकत्र उघडून एक सूर धरून ठेवा. आवाज सरळ यायला हवा. त्यात 'वॉव-वॉव' अशा लाटा येत असतील तर दोन सूर एकमेकांशी मिळालेले नाहीत. फोनवर ट्यूनर घेऊन पांढरी सहा (सप्तकातली सहावी पांढरी पट्टी) तपासता येते, ४४० ते ४४२ हर्ट्झच्या आसपास दिसायला हवी. पण आधी स्केल चेंजर मूळ जागी आहे ना ते बघा. मागे एक गृहस्थ 'सगळी पेटी बेसूर आहे' म्हणून भांडायच्या तयारीनं आले होते, पट्ट्या दोन घरं सरकलेल्या होत्या एवढंच.

आता ही पेटी तुमच्या मिस्टरांच्या गळ्यात कशी पडली ते मी न बघता सांगू शकतो. दुकानदारानं दोन-तीन पेट्या पुढे ठेवल्या असणार, प्रत्येकीवर एकच चाल वाजवून दाखवली असणार, आणि शेवटी सगळ्यात महागडीवर तीच चाल तीनही ओळी उघडून वाजवली असणार. न वाजवणाऱ्या माणसाला तो फरक पेटीचा वाटतो. तो वाजवणाऱ्याचा असतो. तुमच्या कामाला साधी दोन ओळींची, दहा-बारा किलोची पेटी पुष्कळ होती. स्केल चेंजर वजनाला जड, आत यंत्रं जास्त, म्हणजे बिघडायच्या जागाही जास्त. नवशिक्याला त्याची गरज नसते, कारण त्याला एकाच पट्टीत, म्हणजे एकच सा धरून, वर्ष काढायचं असतं. तुमच्या वस्तूला नावं ठेवायला हे सांगत नाहीये. आता ती घरात आहेच, तर तो पट्ट्या सरकवायचा दांडा मूळ जागी ठेवून विसरून जा. कधी सरकवायची वेळ आलीच तर पट्टीवर बोट नसताना सरकवा.

आत काय चालतं ते एकदा बघितलं की वाद्याची भीती जाते, म्हणून सांगतो. वरची जाळी काढली की दिसतं, प्रत्येक पट्टीच्या मागच्या अर्ध्या भागाला खालून फेल्ट आणि मऊ चामडं चिकटवलेलं असतं आणि ते एका भोकावर बसलेलं असतं. तुम्ही पुढे दाबलं की मागचा भाग उचलतो, भोक उघडं पडतं आणि हवा तिथून वाट काढते. त्या वाटेवर पितळेची जीभ असते, एका टोकाला रिव्हेट मारलेली, दुसरं टोक मोकळं. हिला कुणी रीड म्हणतं, आम्ही नुसतं 'सूर' म्हणतो. 'दोन सूर बदलले' म्हणजे दोन जिभा बदलल्या. ही जीभ मोकळ्या टोकाकडे खरवडली की सूर चढतो, रिव्हेटजवळ खरवडली की उतरतो. किती खरवडायची? वहीतली पेन्सिलची रेघ पुसावी इतकी. एकदा खरवडलेलं पितळ परत लावता येत नाही, त्यामुळे फोनवर व्हिडिओ बघून घरी हा उद्योग करू नका. पट्टी मुकी झाली तर दहापैकी आठ वेळा जिभेखाली कचरा असतो. तेल सोडायचं नाही, कसला स्प्रे मारायचा नाही.

चार वर्षांपूर्वी एक निवृत्त मास्तर पेटी विकायला घेऊन आले. बायकोला साठीला भेट दिलेली. मी भाता उघडला तर भात्याच्या घडीत अजून कारखान्यातलं पांढरं पातळ प्लास्टिक होतं, आणि चारपैकी तीन स्टॉपरना ओढल्याची खूणसुद्धा नव्हती. पांढरी चार मुकी. उघडून बघितली तर जिभेखाली कोळ्यानं कापसासारखं घर केलेलं, छोटंसं, मुगाच्या दाण्याएवढं. बाई बाहेर रिक्षात बसल्या होत्या. मी विचारलं, "कधी वाजवलीच नाही का?" त्या म्हणाल्या, "त्यांना वाटलं मला आवडेल. नको म्हणायचं राहून गेलं, मग वर्ष गेलं, मग लाज वाटायला लागली." अपराधीपणाची गोष्ट अशी की तो रोज थोडा वाढतो, आणि वाद्य मात्र तिकडे रोज थोडं बिघडत असतं.

त्यात आपलं कोल्हापूर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी ओली, की लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासतात, दाबलेली वर येत नाही, चामडं बुरसतं. दर वर्षी गणपतीच्या आधीच्या आठवड्यात माझ्याकडे रांग लागते. वर्षभर कपाटावर ठेवलेली पेटी आरतीसाठी खाली काढलेली असते आणि निम्म्या पट्ट्या बसलेल्या असतात. सगळ्यांना 'परवा बसणार आहेत बाप्पा' असतं. त्यांतल्या बहुतेक पेट्यांचा आजार एकच, न वाजवणं. रोज दहा मिनिटं हवा खेळली तरी पेटी ठीक राहते. भिंतीला चिकटवून किंवा थेट फरशीवर ठेवू नका, स्वयंपाकघराजवळ नको, आणि उंदरापासून जपा, चामडं आणि फेल्ट त्याला फार आवडतं. वाजवून झालं की भात्यातली हवा काढून, स्टॉपर आत ढकलून, मग कडी लावा.

थोडक्यात इथवरचं, पेटी तपासा, दोष निघाला तर लगेच दुकानात न्या, चांगली असेल तर निदान दोन महिने घरात राहू द्या आणि रोज थोडी हवा द्या. हे शिकण्यासाठी नव्हे, कुंडीला पाणी घालतो तसं.

आता शिकण्याचं. येईल का, याचं खरं उत्तर तुमचा कान, वेळ आणि शिक्षक यांवर अवलंबून आहे, आणि यांतलं काहीच मला इथून दिसत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीतल्या लोकांत मी एवढं बघितलंय, की बोटं मुलांपेक्षा उशिरा वळतात, पण कान लवकर जागा होतो. दहा वर्षांच्या पोराला सूर चुकला हे मी सांगावं लागतं. मोठ्या माणसाला ते आधी कळतं, फक्त तो लाजून थांबतो. अडचण बोटांत नसते, या थांबण्यात असते. शिवाय शाळेत तुम्ही ज्या पट्टीत गात होता ती शोधू नका. वयाबरोबर बायकांचा आवाज थोडा खाली येतो. काळी चारपासून सुरू करा. वरच्या सप्तकातल्या गंधाराला ओढ बसत असेल तर पांढरी पाचवर या. खालचा पंचम उमटतच नसेल तर काळी पाचवर जा. चार दिवस हाच खेळ करा. आपला सा कुठे आहे हे सापडणं म्हणजे आपल्या मापाची चप्पल सापडणं. दुसऱ्याच्या मापाची घालून चालता येतं, पण लक्ष सगळं पायाकडे राहतं.

सापडला की पहिले चाळीस दिवस एवढंच करा. एक ओळ उघडा, फक्त एक. सा दाबा, भाता हळू. बहुतेक लोक स्टोव्हला हवा मारतात तसा भाता मारतात. आत हवा साठवायला दुसरा भाता आहे, त्याला सावकाश भरू द्या. सुराबरोबर 'आ' लावा, एक श्वासभर. मग पट्टी सोडा आणि गात राहा. पेटी गप्प, तुम्ही एकट्या. चार सेकंदांनी पट्टी परत दाबा आणि बघा, तुम्ही तिथेच आहात की घसरलात. सुरुवातीला घसराल. साधारण तिसऱ्या आठवड्यात एक दिवस पट्टी दाबाल आणि काही फरकच ऐकू येणार नाही, पेटी वाजतेय की नाही असं वाटेल. तेव्हा दोन सूर एक झालेले असतात. तिथून पुढे पंचम, मग वरचा सा, मग बाकीचे. अलंकार, म्हणजे सरगमचे पलटे, नंतर. रोजची आरती तुम्हाला पाठ आहेच, तिचे सूर स्वतः शोधून काढा, मी शिकवण्यापेक्षा त्यात जास्त शिकाल.

नणंदेचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पेटीचे सूर ठरावीक असतात, आणि ते आपल्या गाण्याशी सगळीकडे नीट जुळत नाहीत. सप्तकाचे १२०० बारीक भाग केले तर पेटीचा शुद्ध गंधार ४०० वर असतो. तंबोरा चांगला लागला की त्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ च्या आसपास. म्हणजे पेटीचा गंधार थोडा चढा. शिवाय पेटीवर एका सुरातून दुसऱ्यात मिंडेनं, म्हणजे सलग घसरत, जाता येत नाही, पायरी उतरावी लागते. हे वाद्य मुळात परदेशी. फ्रान्समध्ये दबेन यांनी १८४२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, ते पायानं हवा मारायचं होतं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताच्या भात्याचं, जमिनीवर बसून वाजवायचं रूप आणलं. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं, ते तीस वर्षं बंदच होतं. म्हणजे नणंदबाई एकट्या नाहीत, त्यांच्या बाजूनं मोठी माणसं होती.

पण त्या बंदीच्या कितीतरी आधी आपल्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे हीच पेटी घेऊन गायक भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसत होते आणि नाटकांना चाली देत होते. बिघडतो तो पेटीवर टेकून राहणारा कान. म्हणूनच मी पट्टी सोडून गायला सांगितलं. गंधार लावताना तर पेटी थोडी दूरच ठेवा, फोनवर तंबोरा लावा आणि त्याच्याशी मिळवा. तंबोरा विकत घ्यायला लगेच निघू नका. घरात दोन न वाजणारी वाद्यं झाली तर अपराधही दुप्पट.

गुडघ्यांचं आणि बाळाचं सोपं आहे. पेटी खुर्चीसमोर टेबलावर ठेवून वाजवता येते, फक्त टेबल जेवणाच्या टेबलापेक्षा बुटकं हवं. खांदे वर न उचलता कोपर पट्ट्यांच्या पातळीला आलं की उंची बरोबर. टेबलाखाली रबरी चटई, नाहीतर भाता मारताना टेबल चालायला लागतं. बाळासाठी एकच ओळ उघडा, पेटीवरचं झाकण पूर्ण उघडू नका आणि वर जाड टॉवेल टाका. संध्याकाळी सात ते साडेसात ही वेळ शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. कोल्हापुरातले शेजारी विचारून केलेल्या आवाजाला सहसा हरकत घेत नाहीत. न विचारता केलेल्या शांततेलाही घेतात, ते वेगळं.

दोन महिन्यांनी शिक्षक शोधावासा वाटला तर शोधा. आपल्याकडे १८८३ पासून देवल क्लब ही गाण्याची संस्था आहे, शिवाय गल्लोगल्ली शिकवणारे आहेत. जाताना विचारा की पेटीवादन शिकवता की गाणं, ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्या लिहिण्यावरून तुम्हाला गाणं हवंय असं मला वाटतं, पेटी ही काठी. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा हव्या तर द्या, पण पहिल्या वर्षी नको. बँकेत टार्गेट असतातच.

आता मिस्टरांचं. इथे मी माझी एक फजिती सांगतो, कारण मी स्वतः त्यांच्या जागी होतो. १९९८ मध्ये लग्नाच्या अकराव्या वर्षी मी बायकोसाठी मिरजेहून सतार आणली. मिरज इथून पन्नासेक किलोमीटर, सतारमेकर ओळखीचे, पंढरपूरकडचा भोपळा, तून लाकडाची दांडी, सगळं निवडून. एसटीत मांडीवर धरून आणली. आजकाल मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, २०२४ मध्ये मिळालं, तेव्हा तसलं काही नव्हतं, पण नाव होतंच. घरी आलो, तिला खाली बसवलं, सतार हातात दिली. तिनं ती उलटी धरली. भोपळा डाव्या हाताला, दांडी उजवीकडे. मी हसून सरळ करून दिली. तिनं परत उलटी केली. मग म्हणाली, "अहो, मी डावरी आहे."

अकरा वर्षं. आईनं लहानपणी मारून उजव्या हातानं जेवायला आणि लिहायला लावलेलं, त्यामुळे ताटावर कळायचं नाही. पण विळीवर भाजी ती डाव्या हातानंच चिरायची, सुईत दोरा डाव्या हातानं ओवायची, आणि मी रोज समोर बसून चहा पीत होतो. मी सतारमेकरांकडे गेलो, म्हटलं डावरी करून द्या. ते म्हणाले तारा उलट्या लावून भागत नाही. तरफांच्या, म्हणजे खालच्या झंकारणाऱ्या तारांच्या, खुंट्या दांडीच्या एका अंगाला असतात, ती भोकंच दुसऱ्या अंगाला हवीत. म्हणजे नवी दांडी. मग म्हणाले, "वाद्य बघायला चार वेळा आलात. माणूस किती वेळा बघितलं?" मी गप्प परत आलो.

ती सतार अजून आमच्या घरी आहे. बायकोनं शिकायचा प्रयत्न उजव्या हातानं सहा महिने केला, माझ्यासाठी. मला तेव्हा ते प्रेम वाटलं, आज आठवलं की जरा शरम वाटते. एका दिवाळीत मीच म्हटलं, सोड. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्या सहा महिन्यांत एकदाही बघितलं नव्हतं. आता संध्याकाळी देवापुढे बसली की कधीतरी ती सतार आडवी ठेवून तिच्या मोकळ्या तारा डाव्या हातानं छेडत बसते. सतारमेकर बघतील तर कपाळाला हात लावतील, पण आवाज बरा लागतो.

हे सांगायचं कारण, माझ्या बायकोनं पहिल्याच दिवशी 'मी डावरी आहे' म्हणून सांगितलं, तरी मी ते यंत्राचा प्रश्न म्हणून ऐकलं. तुम्ही तर अजून काहीच सांगितलेलं नाही. तेव्हा आधी विचारा. 'का आणली' असं नको, त्याला खुलासा मागितल्याचा वास येतो. असं विचारा, 'तुम्हाला कधी वाटलं की मला पेटी हवीय?' उत्तर दोन प्रकारचं येऊ शकतं. कधीतरी तुम्ही भांडी घासताना गुणगुणत होता, किंवा कुणाच्या तरी कार्यक्रमात तुमचे डोळे भरले होते, आणि त्यांनी ते बघून लक्षात ठेवलं होतं. मग ही पेटी म्हणजे कुणीतरी तुमच्याकडे नीट बघितल्याची पावती आहे, आणि तिच्यावर तुम्ही काय करायचं हा हिशोब त्यात नाही. किंवा दुकानाशेजारून जाताना वाढदिवस आठवला आणि हे मोठं दिसलं. तसं असेल तरी बिघडत नाही, फक्त तुमचा अपराध तिथल्या तिथे संपतो. कोणतं आहे ते त्यांच्या तोंडून ऐका. मनात धरून बसू नका.

मग तुमच्या बाजूचं स्पष्ट सांगा. मी माझ्या विद्यार्थिनींना सांगतो तेच शब्द देतो: 'मला दोन महिने द्या. या दोन महिन्यांत मला वाजवून दाखव म्हणायचं नाही, पाहुण्यांसमोर तर अजिबात नाही. दोन महिन्यांनी मी सांगेन, ठेवायची की द्यायची.' बहुतेक नवरे हे ऐकून सुटल्यासारखे होतात, त्यांनाही कळत नसतं आपण विचारायचं की नाही. माझ्याकडच्या अनुभवात ज्या घरी पहिल्याच आठवड्यात फर्माईश सुरू झाली, तिथे पेटी तिसऱ्या महिन्यात कपाटावर गेली. नवरा चांगलाच असतो, तो कौतुकानंच म्हणतो. पण शिकणाऱ्याला पहिले दोन महिने वाईट वाजवायची मोकळीक लागते, आणि कौतुक करणारा समोर असला की ती मिळत नाही.

त्यांच्या पाठीमागे परत करू नका, आणि भाचीला तर मुळीच देऊ नका. देणं वाईट म्हणून नव्हे. भाचीला तुम्ही अपराधानं दिलेली पेटी पोचेल, आणि तिच्या घरी तोच खेळ पुन्हा सुरू होईल. दोन महिन्यांनी, दोघांनी ठरवून दिली, भाचीनं स्वतः मागितली, तर खुशाल द्या. आणि नाहीच शिकायचं असं ठरलं तर तेही चालतं. गाणं न शिकता माणसं उत्तम जगतात, मी रोज रंकाळ्यावर अशा हजार माणसांना चालताना बघतो.

तपासताना एखादी पट्टी मुकी निघाली, किंवा ती भुणभुण ऐकू आली, आणि दुकानदार टाळाटाळ करत असेल, तर मंगळवार पेठेत कुणालाही पेट्या दुरुस्त करणारा विचारा, मी सापडेन. येताना मात्र पेटी मोपेडवर पायांपुढे उभी ठेवून आणू नका, रस्त्यातल्या खड्ड्यांनी स्केल चेंजरची खीळ हलते. रिक्षानं आणा, आडवी, मांडीवर नको, सीटवर. आणि मिस्टरांना बरोबर आणा. तीन ओळींची आहे, माझ्या दुकानाला चार पायऱ्या आहेत, उचलायला कुणीतरी लागेल.